आधी कव्हर नखाएवढं करून बघा

माझा भाचा इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये दोन मित्रांबरोबर व्हिडिओ गेम बनवतो. मी रविवार कारंजाजवळ छपाईचं दुकान चालवते. लेबलं, खोकी, लग्नपत्रिका, प्रोजेक्टचं बाइंडिंग, पंचवीस वर्षं हेच काम. गेल्या वर्षी त्याने लॅपटॉप काउंटरवर ठेवून विचारलं, "मावशी, कव्हर कसं वाटतंय?" मी म्हटलं, "छान आहे." त्या 'छान'चा त्याला काडीचा उपयोग झाला नाही. नंतर सहा महिने आम्ही दोघांनी ते कव्हर आणि त्याखालचं वर्णन कसून तपासलं. तुम्ही किंवा घरातलं कुणी गेम बनवत असेल, तर त्यातलं कामाचं इथे लिहिते.

गेम नाशिकच्या गोदाघाटावरचा आहे, नाव 'दुतोंड्या'. तुमचं भांडीबाजारात दुकान आहे, गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, मग कमरेला, मग छातीला पाणी लागतंय आणि तेवढ्या वेळात माल वरच्या माळ्यावर न्यायचाय. २००८, २०१६ किंवा २०१९ चा पूर पाहिलेल्या नाशिककराला यापुढे काही सांगावं लागत नाही. पण स्टीमवर, म्हणजे संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, तो बघणारा माणूस ब्राझीलचा असेल नाहीतर पोलंडचा. त्याच्यापुढे एक छोटं चित्र आणि दोन-तीन ओळी, एवढंच असतं.

हे छोटं म्हणजे किती छोटं? स्टीमला छोट्या पट्टीसाठी ४६२ बाय १७४ पिक्सेलचं चित्र द्यावं लागतं. त्यातून स्टीम स्वतःच १८४ बाय ६९ आणि १२० बाय ४५ अशी आणखी लहान चित्रं काढतं. याद्यांमध्ये ही पट्टीच दिसते. म्हणून चित्रकाराने पाठवलेली मोठी फाइल उघडून बसू नका. आधी ती १२० बाय ४५ करा आणि हातभर लांबून बघा.

हा धडा मला द्राक्षांच्या पेटीने दिला. पिंपळगाव बसवंतच्या एका बागायतदाराच्या पेटीसाठी मी लेबल केलं होतं. घड, पानं, सोनेरी अक्षरं, सगळं झाकणावर. पेट्या थरावर थर लागल्या तेव्हा झाकण फक्त वरच्या पेटीचं दिसत होतं. बाकी सगळ्यांची चार बोटं उंचीची बाजू दिसत होती आणि त्या बाजूवर मी फक्त वजन छापलं होतं. बागायतदार काही बोलला नाही, पण मला ते फार लागलं. गेमच्या दुकानात तुमची पेटी कायम थरातच असते.

भाच्याच्या पहिल्या कव्हरवर घाट, देवळं, ढग, वीज, दुकानदार, मूर्ती आणि तरंगणारी भांडी असं सगळं होतं. लहान केल्यावर नुसता तपकिरी पट्टा उरला. आम्ही एकेक वस्तू काढत गेलो. शेवटी राहिली छातीपर्यंत बुडालेली शेंदरी मूर्ती आणि पुढे पाण्याच्या वर तांब्याच्या हंड्यांची उतरंड धरलेले दोन हात. मग मी चित्र कृष्णधवल करून बघितलं. छपाईत ही सवयच असते. शेंदरी रंग आणि गढूळ पाणी डोळ्याला वेगळे वाटत होते, पण कृष्णधवलमध्ये दोन्ही एकाच राखाडी रंगाचे निघाले, मूर्ती पाण्यात विरघळली. पाणी दोन छटा उजळ केलं तेव्हा मूर्ती सुटी झाली. रंग वेगळे असून भागत नाही, उजेड वेगळा लागतो. ही तपासणी करायला मिनिटभर पुरतं, ती चुकवू नका.

अक्षरांचं जरा सविस्तर सांगते, कारण देवनागरीबद्दल हे कुणी सांगत नाही. 'दुतोंड्या'ला वर ओकार आणि अनुस्वार, खाली उकार, शेवटी 'ड्या' हे जोडाक्षर. वरचं-खालचं धरून शब्द पट्टीत बसवला की अक्षराच्या धडाला जेमतेम निम्मी उंची उरते. रोमन मोठ्या अक्षरांना पूर्ण उंची मिळते. शिवाय लहान झाल्यावर अनुस्वार उडाला आणि भाच्याच्या मित्राने 'दुतोड्या' वाचलं. माझे वडील दुकानांचे बोर्ड रंगवायचे. ते उकार 'द'च्या पोटाला चिकटवून आडवा ओढायचे, शिरोरेघ बारीक ठेवून धड जाड करायचे आणि अनुस्वार चांगला टपोरा द्यायचे. तेच केलं आणि शब्द वाचता आला. स्टीमच्या पट्टीवर आता रोमन नाव आहे. गुगल प्लेवर मराठी पान वेगळं करता येतं, त्यासाठी हा देवनागरी शब्द राखून ठेवलाय.

मग कव्हर शेजाऱ्यांमध्ये ठेवा. तुमच्या प्रकारच्या गेमची यादी उघडा, तिचा स्क्रीनशॉट घ्या आणि मधोमध तुमची पट्टी चिकटवा. ती हरवली तर वाईटच, पण ती भलत्याच यादीतून आल्यासारखी वाटली तर त्याहून वाईट. आमचं जुनं काळंभोर आभाळ भयपटासारखं दिसत होतं.

अनोळखी माणसाला विचारताना "आवडलं का?" असं विचारूच नका, सगळे हो म्हणतात. चित्र तीन सेकंद दाखवा, झाका आणि विचारा, "यात काय करायचं असेल?" नाशिककराचं उत्तर मी धरत नाही, तो मूर्ती बघताच पूर ओळखतो. माझ्याकडे रामकुंडावर आलेले बाहेरगावचे यात्रेकरू फोटो लॅमिनेट करायला येतात, त्यांना विचारलं. जुन्या कव्हरवर उत्तरं आली: भुताचं काहीतरी, देवाची गोष्ट, पोहायचं. नव्यावर राजकोटच्या एक आजी म्हणाल्या, "वासण बचाववाना." भांडी वाचवायची! भाच्याला लगेच फोन केला.

नियमांचं थोडक्यात. सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कव्हरवर चित्र, गेमचं नाव आणि असलं तर उपशीर्षक एवढंच चालतं. तारे, पुरस्कार, सवलत काही नाही. इच डॉट आयओ या गेमच्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाला ६३० बाय ५०० चं कव्हर लागतं, गुगल प्लेला १०२४ बाय ५०० चं. एकच चित्र सगळीकडे कापून बसवू नका, प्रत्येक मापाला मांडणी नव्याने करा.

आता वर्णन. स्टीमवर छोट्या वर्णनाला साधारण ३०० अक्षरं मिळतात, गुगल प्लेवर फक्त ८०. मराठीत लिहिताना लक्षात ठेवा, संगणक काना-मात्राही सुट्या मोजतो, 'दुतोंड्या'ची नऊ होतात. भाच्याचा पहिला मजकूर असा होता: "नाशिकच्या प्राचीन घाटांवर उलगडणारी, माणूस आणि निसर्ग यांच्या संघर्षाची हृदयस्पर्शी कहाणी. एक अनोखा अनुभव." मी लाल पेन घेतलं आणि दुसऱ्या कुठल्याही गेमला चालेल असा प्रत्येक शब्द खोडला. उरलं "नाशिकच्या घाटांवर". त्याचा चेहरा पडला, पण दुसऱ्या दिवशी तो हे घेऊन आला:

"पुराचं पाणी चढतंय. भांड्यांचं दुकान तीन माळ्यांचं, हात दोनच. काय वर न्यायचं, काय सोडायचं, शेजाऱ्याला कधी हात द्यायचा ते ठरवा. मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं, तेच तुमचं घड्याळ."

यात खेळणाऱ्याने काय करायचं ते आहे, अडचण आहे आणि दुतोंड्या माहीत नसलेल्यालाही मूर्तीचा उपयोग कळतो. इंग्रजी मजकूर यानंतरच लिहिला. आधी मातृभाषेत लिहा, पोकळ शब्द तिथे लगेच खटकतात.

कव्हर आणि आतली चित्रं शेजारी ठेवूनही बघा. कव्हर झकास रंगवलेलं आणि खेळ ठोकळ्यांचा असला, तर माणसाला फसल्यासारखं वाटतं. खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम स्टीमवर परत करता येतो. तो फरक दोन तासांच्या फार आधी कळतो. आम्ही कव्हरवरचे हात खेळातल्या हातांसारखेच जाडसर रेषांत पुन्हा काढले.

स्टीम बनवणाऱ्याला पट्टी किती वेळा दिसली आणि किती जण पानावर आले, हे दोन्ही आकडे दाखवतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. आम्ही कव्हर बदललं तेव्हा वर्णनाला हात लावला नाही. सेल चालू असताना बदल करू नका, त्या दिवसांची गर्दीच वेगळी असते. सध्या नवं वर्णन लावून नऊ दिवस झालेत. भाचा रोज आकडे पाठवतो आणि मी त्याला पंधरवडा होईपर्यंत थांबायला सांगते.