दारूबंदीच्या केसमध्ये अपील करताय? निदान या चुका तरी टाळा

गोव्यात बसून दारूबंदीवर लिहितोय म्हटलं की लोक हसतात. पण पत्रादेवीची गोव्याची सीमा ओलांडली की महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ लागू, आणि म्हापशातल्या वाइन शॉपचं बिल म्हणजे परमिट नव्हे, हे कितीदा सांगायचं?

सगळ्यात वाईट चूक म्हणजे गुन्हा कबूल करायचा आणि मग अपिलाला धावायचं. पेडण्यातला एक पोरगा, बहिणीच्या सासरी लग्न म्हणून चार बॉक्स गाडीत, बांद्याला सापडला. कोर्टाबाहेर कुणीतरी शहाण्याने सांगितलं, कबूल कर रे, दंड भर आणि जेवायला घरी. केलं कबूल. दीड वर्षाने दुबईची नोकरी लागली, पोलीस क्लिअरन्स मागितला, तेव्हा त्याचा बापूस माझ्याकडे, "वकीलबाब, अपील घाला." कसलं अपील? जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम ३७५, आताचं बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ४१६, कबुलीवर दोषी ठरलात तर शिक्षा जास्त झाली की बेकायदेशीर झाली एवढंच बोलता येतं, दोषी ठरवल्याबद्दल नाही. रोजनामा, म्हणजे कोर्टाची रोजच्या कामकाजाची नोंद, काढून तीनदा वाचला, आरोप समजावून सांगितल्याची नोंद चोख. काही करता आलं नाही. तेव्हापासून कबुलीवर सही करायच्या आधी मी पोराला चहाला नेतो आणि पासपोर्ट आहे का ते विचारतो.

मुदत. सेशन्स कोर्टात अपील करायला निकालापासून ३० दिवस. निकालाची सर्टिफाइड नक्कल काढायला लागलेले दिवस वजा होतात हे खरं, पण अर्जच २८व्या दिवशी टाकलात तर नक्कल हातात आल्यावर उरतात दोन दिवस. मी निकालाच्या दिवशीच कॅन्टीनला जायच्या आधी अर्ज टाकतो.

अपील दाखल झालं म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही, बीएनएसएस ४३० खाली स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो, तो सोबतच द्या.

"गाडी नंतर बघू" म्हणू नका, जप्तीचा आदेश निकालातच असतो, अपिलात त्याविरुद्धही मुद्दा घ्या.

तपासणीसाठी दारूचा नमुना किती बाटल्यांमधून घेतला, सील कोणी कधी लावलं, हे पंचनाम्यात स्वतः वाचा. मोबाइलवरच्या फोटोवरून अपील लिहिणारे ज्युनियर बघितले की माझं डोकंच उठतं.

आणि पर्वरीला हायकोर्ट जवळ आहे म्हणून तिकडे फाइल नेऊ नका. सावंतवाडीच्या मॅजिस्ट्रेटच्या निकालाचं अपील ओरोसच्या सेशन्स कोर्टात, आणि तिथे हरलात तर रिव्हिजन (निकाल तपासून बघण्याचा अर्ज) ऑगस्ट २०२५पासून मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे. घाट चढायची तयारी ठेवा.