जुन्या मोटारीचा पत्रा घरी दुरुस्त करताना या चुका टाळा

जुनी मोटार घरी नव्याने उभी करायला घेणारे बरेच जण रंगाची छटा आधी ठरवतात आणि दाराखालचा पत्रा नंतर तपासतात. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुकांचे मूळ या उलट्या क्रमात आहे. रंग हा कामाचा शेवटचा आणि वेळेच्या हिशेबाने लहान भाग असतो. त्याआधी कापणे, जोडणे, ठोकणे आणि घासणे यांत महिने जातात, आणि ते महिने वाचवण्यासाठी केलेली प्रत्येक गोष्ट पुढे रंगाखालून वर येते. इतरांनी अर्धवट सोडलेल्या किंवा बिघडवलेल्या मोटारी निस्तरताना त्याच त्या चुका मला वर्षानुवर्षे दिसत आल्या आहेत. त्यांतल्या दोन चुका मोटार अक्षरशः वाया घालवतात, म्हणून त्यांविषयी सविस्तर लिहितो. बाकीच्यांना थोडक्यात सांगितलेले पुरेल.

गंजावर पुट्टी

मडगार्डच्या किंवा दाराच्या खालच्या कडेला रंगाला बारीक फोड येतो. तो खरवडला की आत बोटाच्या टोकाएवढे भोक निघते. मग त्यात जाळी बसवून वर पुट्टी भरली जाते, ती घासून गुळगुळीत केली जाते आणि गंज संपला असे मानले जाते. प्रत्यक्षात त्या जागी गंज आतल्या बाजूने सुरू झालेला असतो, कारण चिखल आणि पाणी साचते ते पत्र्याच्या मागच्या दुमडीत. बाहेर दिसणारा फोड हे त्या गंजाचे शेवटचे टोक असते आणि त्याच्या भोवतीचा पत्राही कागदासारखा पातळ झालेला असतो.

पॉलिएस्टर पुट्टीत टाल्कची पूड मोठ्या प्रमाणात असते आणि अशी पुट्टी ओल शोषून घेते. वरून रंगाचा थर असला, तरी भोकाच्या मागच्या बाजूने ती उघडीच राहते. तिथून शिरलेली ओल पुट्टी आणि पत्रा यांच्या मधल्या रेषेपर्यंत पोहोचते, तिथे नवा गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापत असल्यामुळे तो पुट्टीला आतून ढकलू लागतो. काही महिन्यांनी तोच फोड पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येतो. बाहेरून फायबरग्लासचे कापड चिकटवले तरी निकाल तोच, कारण ते कापड पत्र्याला नव्हे, गंजाला चिकटलेले असते.

माझी पद्धत अशी की आधी टोकदार हातोडीने किंवा दाभणाने फोडाभोवतीचा पत्रा टोचत जायचे आणि जिथपर्यंत तो दबतो तिथपर्यंत खडूने रेघ मारायची. त्या रेघेच्याही पलीकडे दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे चकचकीत आणि निरोगी धातू लागेपर्यंत कापायचे. ठिगळाचे कोपरे गोलसर ठेवायचे, पुठ्ठ्याचा नमुना कापून तो बसतो का हे पाहायचे आणि मगच पत्रा कापायचा. अशा मोटारींचा बाहेरचा पत्रा बहुधा ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा असतो. ठिगळही त्याच जाडीचे घ्यावे. ठिगळ जोडून, ठोकून आणि सपाट करून झाल्यावर जो किरकोळ उंचसखलपणा उरतो, पुट्टी फक्त तेवढ्यासाठी असते. घासून झाल्यावर तिचा थर ३ मिलिमीटरच्या वर राहत असेल, तर काम पुट्टीचे नसून हातोडी आणि डॉलीचे (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याचे) आहे असे समजून मागे फिरावे.

पुट्टी उघड्या पत्र्यावर लावायला अनेक उत्पादक परवानगी देतात. मी मात्र आधी इपॉक्सी प्रायमर मारतो आणि उत्पादकाने दिलेल्या मुदतीत त्यावर पुट्टी चढवतो, कारण मग ओल आली तरी ती धातूपर्यंत जात नाही. पुट्टी घट्ट करणारा हार्डनर तिच्या वजनाच्या सुमारे २ टक्के पुरतो. लवकर वाळावे म्हणून तो दुप्पट घालणाऱ्यांना पुट्टीत बारीक छिद्रे मिळतात आणि फिकट रंगातून वर आलेले डागही मिळतात. गंज मारण्यासाठी लावलेल्या फॉस्फोरिक आम्लाच्या द्रवावर किंवा आम्लयुक्त एच (etch) प्रायमरवर पुट्टी थेट लावू नये. ती नीट धरत नाही. आणि पुट्टी पाण्याने घासू नये. धूळ कमी उडते म्हणून ही सवय फार पसरली आहे, पण जो थर ओल शोषतो त्यालाच आपण पाणी पाजत असतो. पुट्टी कोरडी घासावी. पाणी आणि वॉटर पेपर वरच्या रंगासाठी राखून ठेवावेत.

आधार न देता कापलेले सिल

दारांखालून पुढून मागे जाणारी पेटीसारखी पोकळ पट्टी म्हणजे सिल. ज्या मोटारींना वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र सांगाडा, नसते, त्यांत पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचे मोठे काम हे सिल करतात. उघड्या मोटारीत छप्पर नसल्यामुळे जवळपास सगळा भार त्यांच्यावरच येतो. १९६२ साली आलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीत बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि या दोहोंमधला उभा पडदा असे मिळून सिल बनते, आणि बाहेरून दिसतो तो त्यांतला फक्त एक. फोक्सवॅगन बीटलचे हीटर चॅनल वरकरणी गरम हवेची नळी वाटतात, पण बॉडीची खालची कडही तेच असतात आणि तळाचा सांगाडा त्यांनाच बोल्टने जोडलेला असतो. अशा ठिकाणी ‘बाहेरचा गंजलेला पत्रा तेवढा बदलतो’ असे म्हणून चालत नाही.

माझ्याकडे एक दोन आसनांची उघडी मोटार आली होती. तिचा मालक वेल्डिंगमध्ये चांगला तयार होता. त्याचे टाके कोणत्याही कार्यशाळेला शोभतील असे होते. त्याने दारे आणि इंजिन काढले, मोटार पुढच्या आणि मागच्या टोकाला स्टँडवर चढवली, आणि एकाच सुटीत काम उरकावे म्हणून दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापून टाकले. मधला तळही गंजलेला होताच. त्यामुळे बॉडी मध्यावर खाली झुकली, इतकी थोडी की डोळ्याला कळू नये, आणि त्याने नवे सिल त्या झुकलेल्या आकारातच पक्के जोडले. दारे लावायची वेळ आली तेव्हा मागची वरची कड खांबाला घासत होती आणि खाली बोट जाईल एवढी फट होती. त्याने आधी बिजागऱ्या सरकवल्या, नंतर दाराची कड ग्राइंडरने घासली, आणि शेवटी खालची फट पुट्टीने बांधून काढली. मोटार माझ्याकडे आली तेव्हा नवे सिल तर वाया गेले होतेच, शिवाय मूळची धडधाकट दारेही बिघडली होती. इलाज एकच होता. बॉडीला आतून आधार दिले, नवे सिल पुन्हा कापले, दारांच्या चौकटीची कर्णमापे (एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतची मापे) जुळेपर्यंत मधला भाग जॅकने हळूहळू वर उचलला आणि मग सगळे पुन्हा जोडले. मालकाच्या हातात कौशल्य होते. त्याने मोजमाप केले नव्हते, एवढेच.

म्हणून सिलला हात लावण्याआधी बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी नळी आतल्या बाजूने जोडावी, म्हणजे ती जागेवर असतानाही दार बंद करता येते. मोटारीचा भार सस्पेन्शन जिथे तो घेते त्या जागांवर ठेवावा आणि मध्यावरही आधार द्यावा. दोन्ही चौकटींची कर्णमापे कापण्यापूर्वीच खांबावर रंगाने लिहून ठेवावीत. कागदावर लिहिलेली मापे हरवतात. एका वेळी एकच बाजू कापावी. नवे सिल आधी क्लॅम्पने धरावे, दार लावून फट पाहावी, मोजके टाके मारावेत, पुन्हा दार लावून पाहावे आणि सगळे जुळले असेल तरच पुढे जावे. फट किती मिलिमीटरची आहे यापेक्षा ती वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, हे मी आधी पाहतो. दार काढून ठेवले की काम सोपे होते हे खरे, पण चूक लगेच दाखवणारे साधनही त्याबरोबर बाजूला जाते.

वेल्डिंग आणि घासकाम

पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केले की तो लाटा धरतो, कारण वितळलेला धातू थंड होताना आखडतो. मिग वेल्डिंगला (ज्यात तार आपोआप पुढे सरकत वितळते) ०.६ मिलिमीटरची तार घ्यावी, सुमारे अडीच-तीन सेंटिमीटर अंतरावर टाके मारावेत, प्रत्येक नवा टाका आधीच्यापासून लांब घ्यावा आणि पत्रा हाताला सोसेल इतका निवल्यावरच मधली जागा भरावी. वेल्डिंगची रेघ ग्राइंडरने एका दमात सपाट करणेही तितकेच वाईट, कारण घर्षणाची उष्णताही पत्रा वाकवते. बॉनेट आणि दार यांसारख्या मोठ्या सपाट भागांवर वाळूचा जोरदार मारा करून रंग काढू नये. कणांच्या आघाताने पत्रा ताणला जातो आणि मग तो सहजी सरळ होत नाही. तो मारा जाड भागांसाठी ठीक आहे.

वेल्डिंगआधी बॅटरी काढावी, पत्र्याच्या मागचे डांबर, फोम आणि वायर दूर करावेत, आणि पेट्रोलची टाकी केवळ रिकामी न करता मोटारीपासून लांब नेऊन ठेवावी. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेला पत्रा वेल्ड करू नये. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. काम थांबवल्यावर लगेच दार लावून निघून जाऊ नये, कारण डांबर आतून बराच वेळ धुमसत राहते.

साधा प्रायमर मारून मोटार महिनोन्‌महिने तशीच ठेवणारे पुष्कळ आहेत. तो प्रायमर सच्छिद्र असतो आणि त्याखाली गंज निवांत वाढतो. काम थांबणार असेल तर इपॉक्सी मारून थांबावे.

पुट्टी बोटांनी दाबून घासू नये. बोटांच्या खुणा चकचकीत रंगात उमटतात. लांब ठोकळा वापरावा, घासण्याआधी वर काळ्या पुडीचा किंवा गडद रंगाचा हलका हात द्यावा आणि घासल्यावर तो कुठे उरतो ते पाहावे; तिथे खळगा असतो. ८० नंबरच्या कागदावरून थेट ४०० वर उडी मारली तर जाड ओरखडे तसेच राहतात आणि थर आकसला की वर दिसू लागतात.

सिलिकॉनचा फवारा ज्या खोलीत मोटार आहे त्या खोलीत आणूच नये. रंगात पडणाऱ्या गोल खड्ड्यांचे ते नेहमीचे कारण आहे. ग्रीस काढणाऱ्या द्रवाने पत्रा घासण्याआधीही पुसावा. नाहीतर घासताना तेच तेल ओरखड्यांत भरले जाते.

श्वासाच्या बाबतीत मी कोणाचीही सबब ऐकत नाही. जुन्या रंगात आणि सांधे भरण्यासाठी कारखान्यात वापरलेल्या डाखात शिसे असू शकते, म्हणून ते कोरडे ग्राइंड करू नये. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या दोन घटकी, रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्यामुळे कायमचा दमा जडू शकतो, आणि धुळीचा साधा मास्क त्यापुढे काहीच करत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि अंगभर पोशाख नसेल, तर पत्र्याचे सगळे काम घरी करून शेवटचा रंग योग्य सोय असलेल्या ठिकाणी मारून घ्यावा.

रंगाआधी सगळी मोटार एकदा कोरडी जोडून पाहावी: दारे, बॉनेट, डिकी, दिवे, आणि रबरही. रबर राहिले तर दार नंतर बसत नाही. बिजागऱ्यांखालच्या पातळ पट्ट्या कोणत्या बाजूच्या आणि किती, हे उतरवतानाच टिपून ठेवावे. सांध्यांचा सीलंट प्रायमरनंतर आणि रंगाआधी भरावा. रंग पूर्ण वाळल्यावर सिल, दारे आणि खांब यांच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारावे. ते वेल्डिंगआधी फवारले तर पेट घेते, आणि रंगाआधी फवारले तर सांध्यांतून झिरपून रंग बिघडवते. फवारल्यानंतर खालची पाणी निघण्याची भोके तारेने मोकळी करावीत, कारण मेणाने बुजलेल्या भोकामागे साचलेले पाणी नवा सिलही गंजवते.