‘दारू कुठून आणली वो ताई?’ : संस्थेत एआय वापरताना

सामाजिक संस्थांच्या मुलाखतीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो : ‘एआय येतं का?’ एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून बाहेर पडलेली मुलं मला फोन करून विचारतात, याला उत्तर काय द्यायचं. मी मेळघाटात बालपोषणावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत डॉक्युमेंटेशन बघते. एमआयएस म्हणजे कामाच्या आकडेवारीची नोंद, फंडरचे (पैसे देणाऱ्यांचे) अहवाल, केस स्टोरी म्हणजे एकेका घराची गोष्ट, सगळं माझ्याच टेबलावर. एआय हाताशी येऊन दोन वर्षं होतील. पहिली मोठी चूक मी तिसऱ्याच महिन्यात केली, तिथूनच सांगते.

मार्च होता, म्हणजे अहवालांचा महिना. सहा केस स्टोरी जोडायच्या होत्या. आमची कार्यकर्ती वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवते. त्यातलं एक टिपण असं : बाळ दीड वर्षाचं, दंडघेर (दंडाचा घेर, कुपोषणाचं माप) ११.२ सेंटिमीटर, बाप बाहेरगावी, आजी सांभाळते, ग्राम बाल विकास केंद्रात (कुपोषित बाळांना गावातच जादा आहार देतात तिथे) घेतलं, दोन महिन्यांनी ११.९. एवढंच. मी ते टाइप करून एआयला दिलं आणि इंग्रजीत तीनशे शब्दांची गोष्ट मागितली. अर्ध्या मिनिटात आली. इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. सचिवांनी वाचली, ‘वा’ म्हणाले, अहवाल गेला.

एप्रिलच्या बैठकीत ती गोष्ट मी कौतुकानं वाचून दाखवत होते, एकेक वाक्य मराठीत सांगत. ‘दारूच्या आहारी गेलेला नवरा घर सोडून गेल्यावर या मातेनं...’ इथवर आले आणि कार्यकर्तीनं मला थांबवलं. ‘दारू कुठून आणली वो ताई? त्याच्या घरी तं कोणी दारूले हात बी लावत नाही. संत्र्याच्या बागेत कामाले गेला होता तो. होळीले आला ना वापस.’

टिपण पुन्हा काढून पाहिलं. दारू कुठेच नव्हती. आदिवासी घर, कुपोषित बाळ, बाहेर गेलेला बाप, एवढं जुळलं की पुढे कुठला शब्द येतो ते यंत्राला पाठ होतं. खरं सांगायचं तर मलाही पाठ होतं, म्हणून तर ते वाक्य तीनदा वाचूनही मी अडखळले नाही. फंडरला सुधारित प्रत पाठवली, माफी मागितली. त्या बापाची माफी कशी मागायची ते मात्र सुचलं नाही. आपल्याबद्दल इंग्रजीत काय लिहून गेलंय याचा त्याला पत्ताही नव्हता.

आमच्या कामात गोष्ट घडते कोरकूत, म्हणजे इथल्या आदिवासींच्या भाषेत, वहीत उतरते मराठीत आणि छापली जाते इंग्रजीत. चूक पकडू शकणारी बाई एका टोकाला, तिला इंग्रजी येत नाही. इंग्रजी येणारे आम्ही दुसऱ्या टोकाला, आम्हाला ते घर माहीत नाही. हे अंतर पूर्वीही होतं. पण पूर्वी लिहिताना मी अडायचे, आणि अडले की फोन करायचे : ‘बाप कुठे गेलाय गं?’ एआय आल्यापासून अडणंच बंद झालं होतं.

तेव्हापासून एक रीत पाडली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, बाहेर जाणारा प्रत्येक मजकूर कार्यकर्त्यांसमोर मराठीत वाचायचा. त्यांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय तो जात नाही. दोन तास जातात. सचिव कुरकुरले, ‘मग वेळ वाचला कुठे?’ वाचतो, पण वाचलेल्या दीड दिवसातले हे दोन तास द्यावेच लागतात. ज्या कामातली चूक संस्थेत कुणालाच पकडता येणार नाही, ते काम एआयला द्यायचं नाही, हे तेव्हाच ठरलं.

कोरकू मुलाखतींचा अनुभव याहून वाईट. आवाजावरून मजकूर करणाऱ्या एका साधनाला मी दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग दिलं. वाटलं, फार तर ‘भाषा कळली नाही’ म्हणेल. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत कोरकू नाही, ती मुंडा कुळातली, हिंदी-मराठीशी तिचं नातं नाही. पण यंत्रानं छान, गुळगुळीत हिंदीचं पान काढून दिलं. शेवटी चक्क ‘धन्यवाद’. ती बाई प्रत्यक्षात रेशनच्या दुकानाबद्दल तक्रार करत होती. म्हणून कोरकू रेकॉर्डिंग आमची माणसंच उतरवतात, आणि त्या कामाचे पैसे बजेटमध्ये वेगळे दाखवतो. तुम्हीही दाखवा, नाहीतर ते ‘सेवाभाव’ या खात्यात जमा होतं.

माहितीचं म्हणाल, तर नाव खोडलं की झालं असं समजू नका. चाळीस घरांच्या वस्तीत ‘जुळ्या मुली, आई एकोणीस वर्षांची’ एवढं लिहिलं तरी घर ओळखू येतं. म्हणून गाव, नेमकं वय, फोटो, आधार, मोबाइल यातलं काहीच एआयमध्ये टाकत नाही. यादीतल्या नावांना आधी एक्सेलमध्ये क्रमांक देतो. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालचं प्रत्येकजण बालक, त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियमही २०२५च्या नोव्हेंबरात आले. आमच्या जुन्या संमतीपत्रात ‘फोटो वापरण्यास हरकत नाही’ एवढीच ओळ आहे आणि खाली अंगठा. त्या अंगठ्यात एआय बसत नाही. फुकटच्या खात्यात लिहिलेलं यंत्राच्या प्रशिक्षणाला वापरलं जाऊ शकतं, ती सेटिंग पहिल्याच दिवशी बंद करा.

एवढं वाचून घाबरू नका, मी रोज वापरते. पाच पानी शासन निर्णयाचा मथितार्थ, एक्सेलची न चालणारी सूत्रं, बैठकीच्या वृत्तांताचा कच्चा मसुदा, फंडरला जाणारी गुळमुळीत ईमेल. यात चूक झाली तर मला दिसते. एकदा प्रशिक्षणाच्या पत्रकात त्यानं १२.५ सेंटिमीटरखालच्या दंडघेराचं प्रत्येक बाळ ‘सॅम’, म्हणजे अतितीव्र कुपोषित, करून टाकलं. सॅम ११.५च्या खाली, ११.५ ते १२.५ मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. हे आमच्या कुठल्याही कार्यकर्तीला झोपेत विचारा. म्हणून ते पकडलं गेलं.

मोठ्या संस्था काय करतात, तेही पाहून ठेवा. मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेची ‘एममित्र’ सेवा गरोदर बायका आणि बाळंतिणींना फोनवर आरोग्याचे निरोप ऐकवते. पुष्कळ जणी मधेच ऐकणं सोडतात, आणि सगळ्यांना फोन करून विचारायला माणसं पुरत नाहीत. गूगलच्या संशोधकांसोबत त्यांनी कुणाला आधी फोन करायचा हे सुचवणारी प्रणाली केली. सुमारे २३ हजार जणींच्या अभ्यासात ही गळती जवळपास ३० टक्क्यांनी घटली. पण फोन करून बोलतं ते माणूसच. याउलट २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशननं माणसांची हेल्पलाइन बंद करायचं जाहीर केलं आणि ‘टेसा’ नावाचा चॅटबॉट पुढे ठेवला. तो आहाराच्या विकारानं त्रस्त माणसांना कॅलरी कमी करायचे सल्ले देऊ लागला, तेव्हा तोही काढावा लागला.

तर मुलाखतीत ‘एआय येतं का?’ विचारलं की ‘येतं’ म्हणा, आणि लगेच उलट विचारा : तुमच्याकडचा मसुदा शेवटी कोण तपासतं? तपासणाऱ्याला गाव माहीत आहे का? एका मुलीनं हे खरंच विचारलं. समोरचे दोघं एकमेकांकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘तेच काम तुम्हाला करायचंय.’ ती रुजू झाली. तिच्या संस्थेतही आता शनिवारचं वाचन सुरू आहे.

आमच्या वाचनात गेल्या महिन्यात कार्यकर्तीनं पुन्हा एक वाक्य अडवलं : ‘मातांमध्ये आहाराविषयी अज्ञान आढळते.’ मी एआयवर चिडायला निघाले आणि जुनी फाइल उघडली. वाक्य माझं होतं, २०१९च्या अहवालातलं, तेव्हापासून दर वर्षी चिकटवत आलेलं. ‘अज्ञान नाही वो ताई,’ ती म्हणाली, ‘अंडे आनाले पैसे नाहीत. तसं लिहा.’