दुर्बिणीतून डायफ्रॅम पेसिंग : या चुका टाळा

डायफ्रॅम पेसिंग म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या स्नायूला, डायफ्रॅमला, तालात करंट देऊन श्वास घ्यायला लावणं. मानेच्या वरच्या मणक्याला मार बसून व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णाच्या डायफ्रॅममध्ये पोटातून दुर्बिणीने चार इलेक्ट्रोड बसवतात, प्रत्येक बाजूला दोन. पाचवी तार अर्थिंगची, ती कातडीखाली. ऑपरेशन तसं मोठं नाही. घोळ होतो तो बहुधा रुग्ण निवडताना.

इलेक्ट्रोड स्नायूत असला तरी करंट उठवतो तो फ्रेनिक नसेच्या, म्हणजे डायफ्रॅम हलवणाऱ्या नसेच्या, फांद्यांना. मज्जारज्जूतल्या सी-३ ते सी-५ (मानेतल्या) पातळीच्या पेशीच मेल्या असतील तर ही नस सुकते, मग कितीही करंट द्या, डायफ्रॅम ढिम्म. म्हणून आधी नर्व्ह कंडक्शन (नसेतून संदेश जातो का ते बघणं) आणि फ्लुरोस्कोपी (हलत्या एक्स-रेवर डायफ्रॅम बघणं). एएलएसच्या (स्नायू चालवणाऱ्या नसपेशी मरत जाण्याचा आजार) रुग्णांत तर जास्तच सावध राहा: २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत मास्क व्हेंटिलेशनच्या जोडीला पेसिंग दिलेले रुग्ण नुसत्या मास्कवरच्यांपेक्षा कमी जगले.

भुलेत स्नायू शिथिल करणारं औषध दिलं की सगळं मुसळ केरात, कारण आकुंचन दिसतच नाही. जुन्या मज्जारज्जू-इजेत सक्सिनिलकोलीन हे त्यातलंच एक औषध तर रक्तातलं पोटॅशियम वाढवून हृदय बंद पाडू शकतं.

मॅपिंगमध्ये, म्हणजे इलेक्ट्रोडची जागा शोधताना, घाई नको. सक्शनचा प्रोब डायफ्रॅमवर टेकवायचा, करंट द्यायचा, आकुंचन बघायचं, पोटातला दाब किती वाढला ते लिहायचं आणि प्रोब थोडा सरकवायचा. सर्वांत जोरदार आकुंचन देणारी जागा पहिल्या इलेक्ट्रोडची. दुसरा तिथेच खेटून लावू नका. त्याच बाजूला, सहसा थोडा मागे, दुसरी चांगली जागा शोधा. सुई स्नायूत तिरकी, जवळजवळ समांतर जायला हवी. सरळ घुसवली की ती आरपार जाते, दुर्बिणीसाठी पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड छातीत शिरतो. म्हणून शेवटी छातीचा एक्स-रे हवाच. इलेक्ट्रोड सुरू करताना नजर ईसीजीवर ठेवा; हृदयाच्या ठोक्यांनी पेसिंगचा ताल पकडता कामा नये.

नंतरची नेहमीची चूक म्हणजे उतावीळपणा. महिनोन्‌महिने न हललेला स्नायू लगेच दमतो. सुरुवात काही मिनिटांच्या सत्रांनी करा, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) घसरला की थांबवा. ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी) लवकर काढू नका: पेसिंगचा श्वास घशाच्या स्नायूंशी जुळलेला नसतो, झोपेत घसा मिटतो.

एक बाजू अचानक थांबली तर पोटाकडे धावण्याआधी बाहेरचा कनेक्टर आणि केबल तपासा. तोवर अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताशी असू द्या.