सर्किट बोर्ड डब्यात बसवताना भोके कशी जुळवावीत

पंपाचा टायमर असो वा ॲम्प्लिफायर, बोर्ड टेबलावर चालू झाला की अनेक जण तो गरम गोंदाने डब्यात चिकटवून मोकळे होतात. तसे मुळीच करू नये. उष्णतेने गोंद मऊ पडतो, बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात दुहेरी चिकटपट्टीही सुटते, आणि 230 व्होल्ट असलेला सांधा पत्र्याला टेकला तर ते जिवावर बेतते. एम 3 (3 मिलिमीटर जाडीचे) स्क्रू आणि 10 मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे बोर्ड पत्र्यापासून वर उचलून धरणाऱ्या नळ्याच वापराव्यात.

खरी अडचण भोके जुळवण्याची आहे. मोजपट्टीने अंतरे मोजून खुणा करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तीन भोके जुळतात आणि चौथे हमखास चुकते. माझ्या एका टायमरचे चौथे भोक असेच अर्धा मिलिमीटर सरकले होते. स्पेसर तिरका उभा राहिला, तरी मी स्क्रू बळेच आवळला आणि बोर्ड किंचित वाकला. महिनाभराने टायमर मधूनच बंद पडू लागला. भिंगातून पाहिले तेव्हा स्क्रूजवळच्या, तांदळाच्या कणीएवढ्या सिरॅमिक कपॅसिटरला केसासारखी चीर गेलेली दिसली.

तेव्हापासून मी माप बोर्डाकडूनच घेतो. डब्याच्या तळाला आतून कागद चिकटवावा. बोर्डाच्या चारही भोकांतून वरून लांब स्क्रू घालून खालून नट आवळावेत, टोके सारखी बाहेर ठेवावीत, त्यांना शिक्क्याच्या पॅडची शाई लावावी आणि बोर्ड जिथे बसवायचा आहे तिथे सरळ दाबावा. कागद बाहेर ठेवून ठसा घेतला आणि मग तो डब्याच्या खालच्या बाजूला चिकटवला, तर डावे-उजवे उलटते. ही चूक फार जण करतात.

ठशाच्या मध्यावर सेंटर पंच, म्हणजे खळगा पाडणारे टोकदार हत्यार, ठेवून हातोडीने मारावा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कोणताही जुना कारागीर पंचाशिवाय पत्र्याला ड्रिल लावणार नाही, कारण बिट घसरले की सगळी मेहनत वाया जाते. बोर्ड दूर ठेवून आधी 2 आणि मग 3.2 मिलिमीटरचे बिट चालवावे. थोडी सैल जागा मिळावी म्हणून चौथे भोक मात्र 3.5 चे ठेवावे. कीस ब्रशने पूर्ण झाडावा.

बोर्ड ठेवल्यावर प्रत्येक कोपरा बोटाने दाबून पाहावा. तो डुगडुगला तर त्या स्पेसरखाली पातळ वॉशर घालावा. स्क्रू आवळून डुगडुग घालवू नये. चारही स्क्रू आधी सैल लावून मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. भोकाजवळून तांब्याची रेघ जात असेल तर नायलॉनचा वॉशर हवाच. पत्र्याच्या डब्याची अर्थिंग वेगळ्या स्क्रूवर घ्यावी, बोर्डाच्या स्क्रूवर कधीही नाही.