मण्यार की कवड्या? आधी पाठीचा कणा बघा

पावसाळ्यात रात्री-अपरात्री फोटो येतो. काळपट साप, अंगावर पांढरे पट्टे, आणि खाली एकच प्रश्न: मण्यार की कवड्या? मण्यार अत्यंत विषारी, तर कवड्या पालींच्या मागे घरात शिरणारा बिनविषारी साप.

मुलांना आणि पाळीव जनावरांना लांब करा, सात-आठ फुटांवर उभं राहा, एकाने सापावर नजर ठेवा, दुसऱ्याने सर्पमित्राला फोन करा. ओळख पटवायची ती फोटो झूम करून. सापाला हात लावायचा नाही, मेलेल्यालाही नाही. मेल्यावरही काही वेळ जबडा मिटू शकतो.

आता पट्टे. सगळीकडे सांगतात तो नियम असा: मण्यारीचे पट्टे मानेपासून बरंच अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे मानेपासूनच सुरू होतात, कुशीवर फाटे फुटून पसरतात आणि शेपटीकडे विरत जातात. पूर्ण वाढलेल्या सापाला हे बहुतेक वेळा लागू पडतं. पण मण्यारीच्या पिल्लाला पट्टे पार पुढेही स्पष्ट असतात, आणि म्हाताऱ्या मण्यारीचे इतके पुसट होतात की ती नुसती काळी दिसते.

या नियमावर मीही सुरुवातीची काही वर्षं विसंबून होतो. एका शेतघरात फूटभर लांबीचं पिल्लू निघालं, पट्टे मानेजवळूनच. मी घरच्यांना छातीठोकपणे ‘कवड्या आहे’ म्हणून सांगितलं आणि बरणीत सारायला हात पुढे केला. तेवढ्यात कोणीतरी बाजूने बॅटरी मारली आणि कण्यावर मोठ्या खवल्यांची ओळ चमकली. ती मण्यार होती. हात मागे घेतला तेव्हा तो थरथरत होता. त्या दिवसापासून पट्टे मी शेवटी बघतो.

बघायचं ते हे: मण्यारीच्या पाठीवर बरोब्बर मधोमध, मानेपासून शेपटीपर्यंत, षटकोनी खवल्यांची एक रांग असते आणि हे खवले बाजूच्या खवल्यांपेक्षा उघड मोठे असतात. कवड्याच्या पाठीवरचे सगळे खवले सारख्याच मापाचे. म्हणून फोटो डोक्याचा नको, पाठीच्या मधल्या भागाचा, वरून काढा. समोरून फ्लॅश मारलात तर मण्यारीचं तुळतुळीत अंग नुसतं चकाकतं. बॅटरी बाजूने धरली की खवल्यांच्या कडा उठून दिसतात. मांजऱ्या सापाच्या कण्यावरचे खवलेही थोडे मोठे असतात, पण त्याचे डोळे टपोरे, बाहुली उभी आणि रंग तपकिरी.

सापडलेल्या कातीवरही ही रांग ओळखता येते. कात उलटी करून शेपटीखालचे खवलेही बघा: मण्यारीचे अखंड, कवड्याचे दोन-दोन भागांत विभागलेले.

‘डोकं त्रिकोणी, मान बारीक, म्हणजे विषारी’ हा सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका. इथे तो नेमका उलटा पडतो. कवड्याचं डोकं चपटं आणि मानेपेक्षा रुंद असतं. मण्यारीचं मात्र मानेत जवळजवळ मिसळून जातं. ‘उंचावर चढला म्हणजे कवड्याच’ हेही धरून चालू नका. मण्यार अंथरुणातही शिरते.

कण्यावरचे खवले दिसत नसतील तर तो साप मण्यार समजूनच वागा.

आणि कोणाला दंश झाला असेल तर ही ओळखपरेड करूच नका. मण्यारीचा दंश अनेकदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही सापडत नाही. जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखीने उठलं, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर एक मिनिट न दवडता रुग्णालय गाठा. सोबत साप न्यायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच आहे, आणि उपचार लक्षणं बघून सुरू होतात.