मुंबईत सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करताय? सर्च मारायच्या आधी लायब्ररीत जा

मी 2014 ला परभणीहून मुंबईत आले, पीएचडीसाठी. आता दरवर्षी जुलै-ऑगस्टला गावाकडून कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी मुलगी येते आणि फोन येतो की ताई गाइडनी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, निवडून एकत्र मांडायचे) करायला सांगितलाय, कुठून सुरू करू. प्रत्येकाला फोनवर तेच सांगते म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे लायब्ररीबद्दलची आपली गावाकडची कल्पना सोडा. आपल्याकडे लायब्ररी म्हणजे अभ्यासाला बसायची जागा, आणि लायब्ररियन म्हणजे पुस्तक उशिरा दिलं की दंड घेणारे सर. मी पण तशीच वागायचे, वर्षभर काउंटरवर कार्ड दाखवायचं आणि कोपऱ्यात जाऊन बसायचं, तिथल्या माणसांशी कामाचं असं एकदाही बोलले नव्हते. इथे बऱ्याच विद्यापीठांच्या आणि मेडिकल कॉलेजांच्या लायब्ररीत रेफरन्स विभाग असतो आणि रिसर्च करणाऱ्याला डेटाबेस शोधून द्यायला मदत करणं हे त्यांचं कामच आहे. आपण विचारत नाही म्हणून ते मिळत नाही, एवढंच.

माझं काय झालं ते सांगते. माझा विषय होता मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या किशोरवयीन मुलींचा ॲनिमिया. मी एकटीनेच पबमेडवर, म्हणजे मेडिकल पेपरांच्या डेटाबेसवर, शोधायला बसले, एका छापील पेपरमधली सर्च लाइन, म्हणजे शोधायच्या शब्दांची जोडणी, उचलली, शब्द बदलले, चार महिने टायटल वाचत राहिले आणि कुठल्या तारखेला काय टाकलं होतं ते कुठेच लिहिलं नाही. मग मैत्रीण ओढत लायब्ररीत घेऊन गेली. तिथल्या मॅडमनी माझी लाइन दोन मिनिटं बघितली आणि विचारलं, "बॉम्बे टाकलंस का ग?"

नव्हतं टाकलं! शहराचं नाव 1995 ला बदललं, त्याआधीच्या सगळ्या पेपरांमध्ये बॉम्बे आहे आणि नंतरही कित्येकांनी तेच लिहिलंय. पुणे घेतलं तर पूना पण घ्यावं लागतं. मग स्पेलिंग. ॲनिमिया अमेरिकन लोक एका स्पेलिंगने लिहितात, आपली भारतीय जर्नल्स बहुतेक ब्रिटिश स्पेलिंगने, मधे एक जास्तीचा ए. पबमेडला साधा शब्द दिला तर ते स्वतःच मेश हेडिंगला, म्हणजे पबमेडच्या ठरलेल्या विषय-शब्दाला, जोडून दोन्ही आणतं, पण मी शब्दाला टायटल-ॲबस्ट्रॅक्टचा टॅग लावला होता, त्यामुळे ते फक्त तेवढंच स्पेलिंग शोधत होतं आणि आपल्याच देशातले पेपर बाहेर राहत होते. झोपडपट्टीचं पण तसंच, स्लम, इन्फॉर्मल सेटलमेंट, अर्बन पुअर, चाळ, बस्ती, आणि झोपडपट्टी हाच शब्द इंग्रजी अक्षरांत, हे सगळे ऑरने (OR, म्हणजे यातला कुठलाही एक असला तरी चालेल) जोडायचे. एका तासात मॅडमनी हे कागदावर मांडून दिलं. मला त्या दिवशी रडू आलं होतं, चार महिन्यांचं सगळं परत करायचं होतं म्हणून.

आणि हो, बॉम्बे टाकलं की बॉम्बे ब्लड ग्रुपचे पेपर पण धाडकन येतात, तो रक्तगट 1952 मध्ये इथेच डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवला. मला वाटलं नॉट (NOT, म्हणजे हा शब्द असलेले पेपर नकोत) लावून ते काढून टाकू. मॅडम म्हणाल्या नॉट शक्यतो लावू नकोस, त्याच्यासोबत कामाचा पेपरही जातो आणि तो गेलेला तुला कधी कळणारही नाही, त्यापेक्षा स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे एकेक पेपर बघून निवडताना, हाताने काढ. हे मी अजून पाळते.

म्हणून क्रम असा ठेवा की प्रश्न पिकोमध्ये लिहून काढा, म्हणजे लोक कोण, काय दिलं, कशाशी तुलना, निकाल काय, आणि तो एक कागद घेऊन लायब्ररीत जा, एकही सर्च फायनल करायच्या आधी. सोबत तुम्हाला आधीच माहिती असलेले पाच-सहा चांगले पेपर न्या. तुमची लाइन बरोबर असेल तर ते पेपर त्यात आलेच पाहिजेत, नाही आले तर कुठला शब्द राहिला ते तिथेच सापडतं.

तब्येतीशी संबंधित विषय असेल तर प्रोस्पेरोवर नोंदणी करा, रिव्ह्यूंची आधीच नोंद ठेवणारं हे ऑनलाइन रजिस्टर यॉर्क विद्यापीठाचं आहे, 2011 पासून चालू, पैसे लागत नाहीत. पण ती नोंदणी काम सुरू व्हायच्या आधी करायची असते, डेटा काढून झाल्यावर नाही, आणि स्कोपिंग रिव्ह्यू (विषयावर काय काय काम झालंय याचा नुसता आढावा) ते घेत नाहीत. लिहिताना प्रिझ्मा 2020 ची, म्हणजे रिव्ह्यू कसा लिहायचा याच्या नियमावलीची, 27 मुद्द्यांची चेकलिस्ट लागते, त्यात प्रत्येक डेटाबेसची पूर्ण सर्च लाइन आणि शेवटची तारीख मागतात. माझ्यासारखं करू नका, पहिल्या दिवसापासून एका एक्सेल शीटमध्ये डेटाबेस, तारीख, लाइन आणि आकडा लिहीत जा.

नुसत्या गुगल स्कॉलरवर तर अजिबात अवलंबून राहू नका, कितीही लाख रिझल्ट दाखवले तरी ते पहिल्या 1000 च्या पुढे बघूच देत नाही.

फुल टेक्स्टचं आता आमच्या वेळेपेक्षा खूप बरं आहे. 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली, इन्फ्लिबनेट या लायब्ररी जोडणाऱ्या सरकारी संस्थेमार्फत, 30 मोठ्या प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल्स. पण ते सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे, तुमचं कॉलेज त्यात बसतं का आणि घरून लॉगिन कसं करायचं हे लायब्ररीतच विचारा. जर्नल मिळणं वेगळं आणि स्कोपस, एम्बेससारखा शोधायचा डेटाबेस मिळणं वेगळं, दोन्ही वेगवेगळं विचारायचं. स्कोपसला मेश चालत नाही, तिथे लाइन नव्याने बांधावी लागते, ती पण लायब्ररीतल्यांकडूनच बघून घ्या.

भारतातले थिसिस शोधगंगा या वेबसाइटवर फुकट आहेत. आपल्या विषयावर मराठीत थिसिस असू शकतो, तेव्हा देवनागरीतही शोधा, हे कुणी सांगत नाही.

जे पेपर ऑनलाइन नाहीतच, जुनी बांधलेली जर्नल्स वगैरे, त्यासाठी आपल्या लायब्ररियनकडून पत्र घ्यायचं आणि दुसऱ्या लायब्ररीत जायचं. गोवंडीला उतरलं की देवनारला टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि आयआयपीएस (लोकसंख्या विज्ञानाची संस्था) दोन्ही जवळजवळ आहेत, सामाजिक आणि लोकसंख्येचं तिथे बघा. मुंबई विद्यापीठाची कलिनाची जवाहरलाल नेहरू लायब्ररी आहे. आधी फोन करून जा, पत्र आणि आयकार्ड दोन्ही लागतात, नुसत्या आयकार्डावर मला एकदा गेटवरूनच परत यावं लागलं होतं, भर पावसात.

वेळेचं पण खरं सांगते. 2017 च्या एका अभ्यासात प्रोस्पेरोवरच्या रिव्ह्यूंना नोंदणीपासून छापून येईपर्यंत सरासरी 67 आठवडे लागले होते. तेव्हा गाइड म्हणाले की दोन महिन्यांत होईल तर हा आकडा नम्रपणे दाखवा. स्क्रीनिंगला दुसरा माणूस लागतोच, दोघांनी एकमेकांचं न बघता निवडायचं असतं, तो जोडीदार आधीच ठरवा, बॅचमधलाच कुणीतरी आणि तुम्ही त्याच्या रिव्ह्यूला बसायचं. डुप्लिकेट काढायला झोटेरो हे रेफरन्स सांभाळायचं सॉफ्टवेअर पुरतं, फुकट आहे, आणि बऱ्याच लायब्ररीत त्याचं ट्रेनिंग होतं.

अजून एक. ज्या लायब्ररियननी तुमची अख्खी स्ट्रॅटेजी बांधून दिली त्यांचं नाव पेपरमध्ये यायला हवं. पहिल्याच भेटीत विचारा, मॅडम तुम्ही ऑथर म्हणून याल की आभारात नाव टाकू. माझ्या पहिल्या पेपरात त्या मॅडमचं नाव राहिलं, त्या काहीच बोलल्या नाहीत, पण मला आजही वाईट वाटतं. दुसऱ्या पेपरात त्या तिसऱ्या ऑथर आहेत.